सरत्या बहराची फुले आणि सातेरीची शिदोरी

दिवाळीचे आकाशकंदील उतरले, तुळशीचे लग्न लागले, की आपल्या घरांत सणांचा मोठा हंगाम संपल्यासारखा वाटतो. ऊस, चिंचा, आवळे यांचा नैवेद्य होतो, कुंडीतल्या तुळशीवर अक्षता पडतात, आणि दुसऱ्या दिवशी आपण आपापल्या कामाला लागतो. त्याच तुळशीच्या मंजिऱ्यांवर एखादी बारीक पट्टेरी माशी घुटमळत असते. तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तिच्या दृष्टीने मात्र हे दिवस फार मोलाचे असतात, कारण पुढे पावसाचे दिवस आहेत आणि त्यांची बेगमी आताच करावयाची आहे. वर्षाच्या अखेरीस या बेटावर मधमाश्यांसाठी काय काय फुलते, आणि त्यात आपल्यासारख्या कुटुंबांना काय भर घालता येईल, याचा विचार आज करू या.

उलटे पंचांग

आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे कोकणातून किंवा घाटावरून इकडे आले. त्यांच्या मुलखात कार्तिक म्हणजे पाऊस संपून उघडीप झालेली, कारळ्याची शेते नुकती पिवळी होऊन गेलेली आणि सह्याद्रीच्या उतारावर रानफुलांची गर्दी झालेली. त्या मुलखात मधमाशीचे उपासमारीचे दिवस म्हणजे आषाढ-श्रावण. धो धो पावसात तिला बाहेर पडता येत नाही आणि पडली तरी फुलांतला मकरंद पाण्याने धुऊन गेलेला असतो. पाऊस ओसरला की तिचे दिवस पालटतात.

सिंगापुरात हेच पंचांग उलटे चालते. येथे वर्षभर पाऊस आहे. सरासरी २,१०० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडते आणि पावसाचे दिवस दीडशेच्या वर भरतात. तरीही ईशान्येकडचा मोसमी वारा सुरू झाला की डिसेंबर आणि जानेवारीत जी झड लागते तिची गोष्ट वेगळी. डिसेंबर हा सर्वसाधारणपणे येथला सर्वांत ओला महिना. कधी कधी दोन-दोन, तीन-तीन दिवस आभाळ उघडत नाही. जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या आरंभापर्यंत कोरडे दिवस येतात आणि मग झाडे बहरू लागतात. म्हणजे आपल्या मूळ गावी कार्तिकात मधमाशीच्या सुगीला आरंभ होतो, तर येथे कार्तिक ही तिची शेवटची बाजारपेठ असते. मार्गशीर्ष आणि पौष हे तिचे टंचाईचे महिने.

इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक झालेली आपली मंडळी तेथील 'शेवटच्या बहरा'विषयी सांगतात. इंग्लंडात तो आयव्हीच्या वेलीवर येतो, अमेरिकेत गोल्डनरॉड आणि ॲस्टर या फुलांवर. तेथे पुढे बर्फाचा हिवाळा असतो. आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून येथल्या मधमाशीला कसली आली आहे चिंता, असे आपण समजतो. परंतु उपासमार थंडीनेच होते असे नाही, सततच्या पावसानेही होते.

कोणकोणत्या माश्या?

या बेटावर मधमाश्यांच्या निरनिराळ्या जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक आपल्या ओळखीच्या निघतील. पहिली सातेरी. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, कधी छताच्या खाचेत ती सात-आठ समांतर पोळी बांधते आणि त्यावरूनच तिला सातेरी म्हणतात असे सांगतात. महाबळेश्वरच्या पेट्यांत जी पाळतात तीच ही. दुसरी आग्या माशी. उंच झाडाच्या फांदीला किंवा इमारतीच्या कठड्याखाली तिचे एकच मोठे पोळे उघड्यावर लोंबत असते. तिच्या नावातच तिचा स्वभाव आहे. तिसरी फुलोरीच्या नात्यातली लहानशी काळसर माशी. ती झुडपाच्या फांदीभोवती तळहाताएवढे पोळे बांधते. शिवाय नांगी नसलेल्या बारीक माश्या आहेत, त्यांना कोकणात पोयाची माशी म्हणतात. झाडाच्या खोडातून राळेची छोटी नळी बाहेर आलेली दिसली, तर ते त्यांच्या घराचे दार समजावे.

मलाय भाषेत मधाला 'मदू' म्हणतात. आपल्या संस्कृत 'मधु'चेच ते रूप. गंमत अशी, की त्याच भाषेत सवतीलाही 'मदू'च म्हणतात! दोन्ही शब्दांची कुळी एकच आहे की नाही हा पंडितांचा विषय आहे. आपण फुलांकडे वळू.

पावसाच्या तोंडावरचा बहर

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास या बेटावर जे झाड मधमाशीला हात देते त्यात तेंबुसूचे नाव आधी घ्यावे लागेल. आपल्या खिशातल्या पाच डॉलरच्या नोटेच्या मागील बाजूस ज्या झाडाचे चित्र आहे तेच हे. १९९९ साली निघालेल्या नोटांच्या मालिकेत त्याला मान मिळाला. चित्रातला वृक्ष बोटॅनिक गार्डनमध्ये अजून उभा आहे. ही बाग १८५९ साली स्थापन झाली आणि २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. तो वृक्ष बागेपेक्षाही वयाने मोठा मानतात. तेंबुसू साधारणपणे वर्षातून दोनदा फुलतो. एक बहर मे-जूनच्या आगेमागे येतो आणि दुसरा पावसाच्या तोंडावर. त्याची फुले संध्याकाळी उमलतात, आधी दुधाळ असतात, मग पिवळी पडतात, आणि त्यांचा वास रस्त्याच्या पलीकडे पोचतो. रात्री त्यांच्यावर पतंग येतात आणि सकाळी उरलासुरला मकरंद मधमाश्या गोळा करतात.

दुसरा आधार नारळाचा. कोकणच्या माणसाला नारळाचे गुण सांगावे लागत नाहीत, पण एक गुण सहसा सांगितला जात नाही. चांगल्या माडाला जवळजवळ दर महिन्याला एक नवी पोय येते. त्या पोयीत नरफुले हजारोंनी असतात आणि ती रोज थोडी थोडी उमलतात. म्हणून नारळाला ऋतू नाही. भर पावसाळ्यातसुद्धा दोन सरींच्या मध्ये जे ऊन पडते तेवढ्यात मधमाशीला त्याच्यावर पराग सापडतो. ईस्ट कोस्टच्या माडांखाली सकाळी सातच्या सुमारास उभे राहून वर कान द्यावा, गुणगुण ऐकू येते.

तिसरे सिंपोह आयर. आपल्या करमळाच्या कुळातले हे मोठ्या पानांचे झुडूप ओसाड जागी आणि रस्त्याकडेला आपणहून वाढते. पूर्वी त्याच्या पानांत तेंपे आणि रोजाक बांधून देत. त्याचे पिवळे फूल पहाटेपूर्वी उमलते आणि त्याच दिवशी गळते, पण दुसऱ्या दिवशी दुसरे तयार असते. एकदा फुलू लागले की हे झुडूप वर्षभर थांबत नाही. त्यात मकरंद नाही, पराग मात्र भरपूर आहे.

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मधमाशीला दोन प्रकारचे अन्न लागते. मकरंदापासून मध होतो. तो तिचा भात. परागकण म्हणजे तिची डाळ. पोळ्यातल्या अळ्यांना वाढवायचे तर परागच हवेत. पराग येणे थांबले की राणी अंडी घालणे कमी करते आणि वसाहत हळूहळू म्हातारी होऊ लागते. कामकरी माशीचे आयुष्य भरगच्च कामाच्या दिवसांत सहा आठवड्यांच्या आसपास असते. म्हणजे दोन महिने नवी पिढी जन्माला आली नाही, तर घरात कर्तीसवरती कोणी उरत नाही. म्हणून पावसाळ्यात थोडाथोडा का होईना, पण रोज पराग देणारे झाड हे एकाच दिवशी सोन्याने लखलखणाऱ्या झाडापेक्षा अधिक उपयोगी पडते.

एका दिवसाची श्रीमंती

लखलखणारी झाडे या बेटावर पुष्कळ आहेत. अंगसाना हे आपल्या बिबळ्याचे भावंड. कोरड्या दिवसांनंतर पाऊस पडला की ते अंगभर पिवळे होते, आणि दुसऱ्या सकाळी तो सगळा सडा खाली पडलेला असतो. मोठ्या फांद्या रोवूनही ते जगते, म्हणून शहर हिरवे करण्याच्या आरंभीच्या दिवसांत ते रस्तोरस्ती लावले गेले. ट्रम्पेटची गुलाबी-पांढरी फुले मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास येतात, आणि लोक त्यांना सिंगापूरची साकुरा म्हणून छायाचित्रे काढतात. मेंपातचेही तसेच. जांभळाच्या कुळातला जांबू लाउट हा एके काळी रस्त्याकडेला मुद्दाम लावीत, कारण लालांग गवताचा वणवा त्याच्यापाशी अडत असे. त्याची पांढरी केसाळ फुले आली की झाड दुरून गुणगुणू लागते.

परंतु यांतली बहुतेक झाडे कोरड्या हवेच्या इशाऱ्याने फुलतात. ऐन डिसेंबरच्या झडीत त्यांच्याकडून काही मिळण्याची आशा कमी. ती लग्नाची पंगत आहे, रोजचे जेवण नव्हे.

रबराचे येथे मुद्दाम नाव घेतले पाहिजे. १८७७ साली क्यूच्या बागेतून रबराची बावीस रोपे सिंगापुरात आली आणि त्यांतून मलायाचा रबराचा उद्योग उभा राहिला. मळे गेले, पण बेटाच्या जुन्या रानांत रबराची झाडे अजून आहेत. कोरड्या महिन्यांत त्यांची पाने गळतात आणि नवी पालवी येते. त्या कोवळ्या पानांच्या देठावर, जेथे तीन पाने एकत्र येतात तेथे, बारीक ग्रंथी असतात आणि त्यांतून गोड रस पाझरतो. केरळात रबराचा जो मध होतो तो मुख्यतः या पानांच्या रसाचा, फुलांचा नव्हे. टंचाईतून तगलेल्या वसाहतीला फेब्रुवारीत मिळणारे हे पहिले पक्वान्न.

दिसते फुल, पोटात भूल

आमच्या इमारतीच्या बागेत फुले पुष्कळ आहेत, मग माश्यांना काय कमी, असे कोणी म्हणेल. पण फुलांची शोभा आणि मधमाशीचे पोट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या पादचारी पुलांवरून ओसंडणारी बोगनवेल पाहा. तिच्यात जो रंग आहे तो पानांचा. खरे फूल म्हणजे मधली पांढरी बारीक नळी, आणि मधमाशी तिच्याकडे फारशी फिरकत नाही. एक्झोरा ऊर्फ बकुराची लांब नळी फुलपाखराच्या सोंडेसाठी घडलेली आहे. मधमाशीची जीभ तिच्या तळाशी पोचत नाही. दुहेरी पाकळ्यांच्या जास्वंदीत आणि कित्येक संकरित फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, म्हणून पराग कमी.

आपले राष्ट्रीय फूल मिस जोआकिम हे १८९३ साली प्रसिद्धीस आले आणि १९८१ साली राष्ट्रीय फूल झाले. त्याच्यावर मोठे काळे भुंगे येतात. परंतु ऑर्किडचे पराग पुरचुंडीत बांधल्यासारखे असतात, सुटे नसतात. मधमाशीच्या बाळांची पेज त्यांच्यातून होत नाही.

उलट ज्यांना आपण तण म्हणून उपटतो त्यांच्याकडे पाहा. गवतातला दगडी पाला, म्हणजेच एकदांडी, वर्षभर फुलतो. लाजाळूचे गुलाबी गोंडे सकाळी परागाने भरलेले असतात. गवत कापण्याच्या यंत्राने महिन्यातून एकदा सगळे साफ झाले की मैदान स्वच्छ दिसते खरे, पण सातेरीच्या दृष्टीने तो वाण्याच्या दुकानाला लागलेला टाळा असतो.

घर सोडून जाणारी माशी

हे सगळे इतक्या काळजीने सांगण्याचे कारण सातेरीच्या एका सवयीत आहे. युरोपातली पाळीव माशी थंडीत साठवलेल्या मधावर घर धरून बसते. आपली सातेरी तसे करीत नाही. चारा आटला, घरात पाणी शिरले, मुंग्यांनी किंवा मेणकिड्याने त्रास दिला, की ती उरलेला मध पोटात भरून घेते आणि सगळी वसाहत, राणीसह, घर सोडून निघून जाते. महाबळेश्वरच्या मधपाळांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. म्हणून ते पावसाळ्यात पेट्यांतल्या माश्यांना साखरेचा पाक देतात. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारवीसारख्या रानझुडपांचा हंगाम येतो आणि एप्रिल-मे महिन्यांत जांभूळ, हिरडा, गेळा यांचा. कारवी तर सात वर्षे दम धरून मग एकदम फुलते. मुंबईजवळच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ साली फुलली आणि त्यानंतर २०२४ साली. या विद्येचा अभ्यास करणारी केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था पुण्यात १९६२ साली निघाली, आणि २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले.

सिंगापूरच्या रानटी सातेरीला पाक देणारा मधपाळ नाही. तिला जे काही मिळेल ते फुलांतूनच. आणि घर सोडून निघालेली वसाहत वाटेत विसाव्याला थांबते तेव्हाच आपली आणि तिची गाठ पडते. ती आपल्या इमारतीच्या खांबावर, जिन्याच्या छताला, सायकलींच्या रांगेवर घोसासारखी लटकते. आम्ही राहतो त्या वसाहतीत असा घोस एकदा तळमजल्याच्या मोकळ्या जागेत उतरला. एका छोट्या मुलाला नांगी लागली, त्याची आई घाबरली, आणि ते स्वाभाविक होते. कोणी म्हणाले, थांबा, आपोआप जातील. कोणी म्हणाले, वाट कशाची पाहायची? संध्याकाळपर्यंत फवारणी झाली आणि सकाळी सफाईवाल्याने सुपलीभर माश्या गोळा करून टाकल्या. कोणी दुष्ट नव्हते, पण काय करावे हे आधीपासून कोणालाच ठाऊक नव्हते.

नांगीचे भय खोटे नाही. काही माणसांना एका दंशानेही श्वास लागतो, अंगावर गांधी उठतात, आणि त्यांना तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. आग्या माशीच्या पोळ्याजवळ तर शहाण्या माणसाने जाऊच नये. परंतु विसाव्याला थांबलेला सातेरीचा घोस ही निराळी गोष्ट आहे. त्याला राखण्यासारखे पोळे नसते, मध नसतो, पिल्ले नसतात. त्याला छेडले नाही तर तो सहसा काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत पुढे जातो. मुलांना लांब ठेवावे, पाणी किंवा धूर मारू नये, आणि टाउन कौन्सिलला किंवा राष्ट्रीय उद्यान मंडळाला कळवावे. पोळे कायमचे आणि वर्दळीच्या जागी असेल, तर ते जिवंत हलवता येईल काय, हे कळवतानाच विचारावे. रात्री दिव्याभोवती मोठ्या माश्या येऊन पडत असतील तर त्या बहुधा आग्या माश्या असतात. त्यांना प्रकाशाची भूल पडते. पडदे ओढावेत, बाहेरचा दिवा मालवावा आणि अनवाणी चालू नये, एवढे पुरते.

आपल्या हातात काय आहे?

ज्या माशीला फुलांचा पत्ता लागतो ती पोळ्यावर परत येऊन नाचते आणि त्या नाचातून सोबतिणींना दिशा आणि अंतर सांगते. ही भाषा उलगडून दाखवणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सातेरीची धाव मात्र लांबची नाही. बहुतेक फेऱ्या किलोमीटर-दीड किलोमीटरच्या आत होतात. एमआरटीच्या दोन स्थानकांमधले अंतर घ्या, तेवढाच तिचा संसार. म्हणून आपल्या वसाहतीत काय फुलते यावर तिचे पोट अवलंबून असते, आणि म्हणूनच दहाव्या मजल्यावरच्या कुंडीलाही किंमत आहे.

पहिली गोष्ट तुळशीची. मंजिऱ्या खुडल्या की तुळस फोफावते, हे आपल्या घरातल्या बायकांना कोणी शिकवायला नको. ते खरेच आहे. पण दोन कुंड्या असतील तर एकीच्या खुडाव्यात आणि दुसरीच्या सुकेपर्यंत राहू द्याव्यात. सब्जा आणि रानतुळस यांचेही तसेच. या कुळातली फुले लहान, पण मकरंदाला उदार आणि थोड्या उन्हातही उमलणारी आहेत.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघराची. कढीलिंबाला तुरा आला की आपण तो कापतो. एखादा ठेवावा. शेवगा येथे पावसापाण्यातही फुलतो, आणि त्याच्यावर माशी आली तरच शेंगा नीट धरतात. कोथिंबीर उंच जाऊन फुलली की ती फुकट गेली असे मानू नये. तिच्या पांढऱ्या छत्र्यांवर सगळ्या जातींच्या माश्या जेवतात. कारली, काकडी, लाल भोपळा यांच्या वेलीवर नरफूल वेगळे आणि मादीफूल वेगळे असते. माशी आली नाही तर बोटाएवढे झालेले फळ पिवळे पडून गळते. औषध कमी पडले, खत कमी पडले, असे म्हणून आपण खर्च करीत बसतो, आणि कमी पडलेली असते ती माशी.

तिसरी गोष्ट कुंपणाची. कुंतीचे कुंपण येथे जागोजाग आहे, तिला मलाय लोक कमुनिंग म्हणतात. पाऊस पडून गेला की ती एकदम फुलते आणि सारी गल्ली दरवळते. दर पंधरा दिवसांनी तिला न्हाव्यासारखे भादरले तर कळ्या धरायला वेळच मिळत नाही. सामूहिक बागेच्या बैठकीत एवढी एक सूचना मांडावी, की नोव्हेंबर ते जानेवारी छाटणी हलक्या हाताने व्हावी. राष्ट्रीय उद्यान मंडळाने २००५ साली सुरू केलेल्या 'कम्युनिटी इन ब्लूम' या उपक्रमातून वसाहतींत बागा उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यांच्या मंडळींत आपल्या आजी-आजोबांचा भरणा चांगला आहे. त्यांचे ऐकले जाते.

चौथी, आइसक्रीम वेल. तिच्या गुलाबी तुऱ्यांना मलाय भाषेत 'आयर माता पेंगांतिन', म्हणजे नवरीचे अश्रू, असे सुंदर नाव आहे. मेक्सिकोहून आलेली ही वेल येथे बारा महिने फुलते आणि मधमाश्या तिला सोडत नाहीत. मात्र ती हातपाय पसरते, म्हणून कठड्याच्या मर्यादेत ठेवावी. तिच्या जोडीला पिवळी टर्नेरा लावावी. ती सकाळी उमलते आणि दुपारी मिटते, आणि कुंडीत सुखाने राहते.

दोन पथ्येही सांगितली पाहिजेत. मार्गिकेत कुंड्या ठेवताना जाण्यायेण्यासाठी १.२ मीटर वाट मोकळी राहिलीच पाहिजे. अग्निशमनाच्या गाडीवाल्यांची ती अट आपल्याच जिवासाठी आहे. आणि परदेशी पुस्तकांत माश्यांसाठी पाण्याची बशी ठेवा असे लिहिलेले असते, ते येथे विसरून जावे. साचलेले पाणी म्हणजे डेंगीच्या डासांचे बाळंतघर, आणि पावसाळ्यात मधमाशीला पाण्याची वाण नसते. किडीचे औषध मारणे भागच असेल तर ते फुलावर आणि सकाळी मारू नये. संध्याकाळी, माश्या घरी गेल्यावर, फक्त पानांवर मारावे. साबणाच्या पाण्याने मावा जात असेल तर औषधाची बाटली उघडूच नये.

लावणीचा मुहूर्त

या देशाचा वृक्षारोपणाचा मुहूर्त नोव्हेंबरचा आहे. १९६३ सालच्या जून महिन्यात फॅरर सर्कसपाशी पंतप्रधान ली क्वान यू यांनी मेंपातचे रोप लावून मोहीम सुरू केली होती. पुढे १९७१ साली वृक्षारोपण दिन ठरला तो नोव्हेंबरात, कारण त्यानंतर पाऊस लागतो आणि रोपांना पाणी घालत बसावे लागत नाही. त्या वर्षी डॉ. गोह केंग स्वी यांनी माउंट फेबरवर पर्जन्यवृक्षाचे रोप लावले. २०२० साली सुरू झालेल्या मोहिमेत तर दहा लाख झाडांचा संकल्प आहे. जो महिना मधमाशीच्या शेवटच्या बाजाराचा, तोच आपला झाडे लावण्याचा. या योगाचा फायदा घ्यावा. आपल्या वसाहतीत झाड लावायचे ठरेल तेव्हा, पावसात काय फुलेल, असा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा. तो आपल्यापैकी कोणी विचारला तर उत्तम.

यंदाच्या झडीत जी वसाहत तगेल तीच फेब्रुवारीत रबराच्या पालवीवर आणि मार्चमध्ये ट्रम्पेटच्या फुलांवर दिसेल, आणि आपल्या वेलींवरची कारली-काकडीही तिच्याच भरवशावर धरतील. तोपर्यंतचे आठ-दहा आठवडे तिला रोज मूठभर फुले हवी आहेत. एका घराने ती पुरवता येणार नाहीत, पण एका इमारतीतल्या वीस घरांनी सहज पुरवता येतील.